ढगफुटी झेलणाऱ्या बागा: कोपनहेगनचे चौक, मैदानं आणि पाणी

ओसरी (धागाकर्ती):

कोपनहेगनच्या वास्तुकलेबद्दल मराठीत काही वाचायला मिळालं की ते बहुधा सायकली, लाकडी खुर्च्या आणि बियार्के इंगेल्सच्या इमारती यांच्यापाशीच थांबतं. मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे, इथेच काम करते. गेल्या दहा-बारा वर्षांत या शहराने जे सगळ्यात मोलाचं केलंय ते फोटोत धड दिसतही नाही, कारण ते जमिनीच्या उतारात आहे. त्यावर सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

२ जुलै २०११, शनिवारची संध्याकाळ. शहरावर ढगफुटी झाली. काही भागांत दोनेक तासांत १५० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडला. आपल्या पावसाळ्यात वाढलेल्यांना हा आकडा फार मोठा वाटणार नाही, पण कोपनहेगनला वर्षभरात मिळून सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस होतो, तोही बहुतेक भुरभुर. शहराच्या जुन्या भागात घरातलं सांडपाणी आणि रस्त्यावरचं पावसाचं पाणी जमिनीखालच्या एकाच वाहिनीतून जातं. वाहिनी भरली तसं ते मिसळलेलं पाणी तळघरांच्या जाळ्यांतून उलटं वर आलं. हमरस्ते बुडाले, रेल्वे थांबली. नुकसान सुमारे ६ अब्ज डॅनिश क्रोनरचं झालं. नंतरच्या दिवसांत घाण उपसणारा एक सफाई कामगार लेप्टोस्पायरोसिसने गेला.

२०१२ साली महापालिकेने ढगफुटी आराखडा मंजूर केला. सरळ उपाय होता सगळीकडे मोठे नळ टाकण्याचा. हिशेब केल्यावर असं दिसलं की नुसते नळ वाढवण्यापेक्षा पाणी जमिनीवरून वाहू देणं, वाटेत बागांत नि चौकांत थोपवणं, आणि अगदी गरज असेल तिथेच बोगदे खणणं एकूणात स्वस्त पडतं. मग शहराची पाणलोटांप्रमाणे विभागणी झाली आणि वीस वर्षांत करायची सुमारे ३०० कामं ठरली. ध्येय एका ओळीत सांगता येतं: शंभर वर्षांतून एकदा येईल एवढ्या पावसातही रस्त्यावर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी साचू नये. हे दहा सेंटिमीटर माझ्या धंद्यातल्या सगळ्यांना पाठ असतात, कारण फुटपाथची कड, दुकानाचा उंबरा, तळघराची खिडकी सगळं त्या मापाशी येऊन भिडतं.

यातलं माझं सगळ्यात आवडतं काम म्हणजे एंगहावेपार्कन. वेस्टरब्रो हा जुना कामगारवस्तीचा भाग. १९२० च्या दशकाच्या शेवटी तिथे ही बाग झाली. सरळ रेषांतली, झाडांच्या रांगांची, कारंज्याची. तिच्यातले छोटे मंडप आणि रंगमंच आर्ने याकोबसन या नामवंत डॅनिश वास्तुकाराने अगदी तरुणपणी आखलेले आहेत. म्हणजे तिला हात लावायलाच भीती वाटावी अशी जागा. त्रेद्ये नातुर या वास्तुकारांनी तिची नव्याने मांडणी केली आणि डिसेंबर २०१९ मध्ये ती पुन्हा उघडली. आता ती २२,६०० घनमीटर, म्हणजे २ कोटी २६ लाख लिटर पाणी धरू शकते.

कसं, ते पाहण्यासारखं आहे. रोजचा साधा पाऊस आजूबाजूच्या छपरांवरून बागेखालच्या टाकीत जातो. ते पाणी झाडांना घालतात, रस्ते धुणाऱ्या गाड्यांना भरतात. जरा मोठा पाऊस आला तर बागेतला खोलगट खेळाचा कोर्ट आणि आजूबाजूचे सखल वाफे भरतात. आणि २०११ सारखा दिवस उजाडला तर सगळी बागच तळं होते. तिला तीन बाजूंनी बुटकी भिंत आहे. मूळची जमीन एका कोपऱ्याकडे उतरत जाते, भिंतीचा माथा मात्र एका पातळीत राहतो, त्यामुळे चालत गेलं तर भिंत हळूहळू आपल्या शेजारी उंच होत जाते. प्रवेशाच्या जागा तेवढ्या मोकळ्या, आणि तिथे पाणी वाढलं की आपोआप बंद होणारी दारं.

आता महत्त्वाचं. ती भिंत म्हणजे बाक आहे. तिच्यावर म्हातारी माणसं बसतात, पोरं तिच्यावरून तोल सांभाळत पळतात, कोर्टात हॉकी चालते. आपण पूरनियंत्रणाच्या बांधावर बसलोय हे बागेत येणाऱ्या बहुतेकांना ठाऊकही नसेल. शंभर वर्षांतून एका संध्याकाळसाठी केलेली गोष्ट उरलेल्या हजारो दिवसांत माणसांच्या कामाची असली पाहिजे, हा आमच्या कामाचा गाभा आहे. कोरड्या दिवशी जी जागा कुणाला हवीशी वाटत नाही ती पुराच्या दिवसासाठीही टिकत नाही. तिच्यावर कुणीतरी पार्किंग करतं, कचरा टाकतं, शेवटी ती भरून टाकतं.

दुसरी जागा ऑस्टरब्रो भागातली टोसिंगे प्लॅस. २०१४ ची, जीएचबी या लँडस्केप कचेरीने केलेली. आधी तिथे डांबर होतं आणि गाड्या लावलेल्या असत. आता उताराच्या वरच्या बाजूला ऊन खात बसायची जागा आणि खालच्या बाजूला ओल सहन करणाऱ्या झाडांचं रान. मध्ये उलट्या छत्र्यांसारखी काळी शिल्पं आहेत, ती पाऊस गोळा करतात. छपरांवरचं पाणी जमिनीखालच्या टाकीत जातं आणि मुलं ते पंपाने वर काढून खेळतात. तिथून जवळच सांक्त केल्स प्लॅस. तो मोठ्या गाड्यांचा गोल चौक होता. एसएलए या कचेरीने २०१९ मध्ये तिथलं बरंचसं डांबर उचलून शेकडो झाडं लावली. आता रस्ता एका छोट्या जंगलातून जातो.

शेवटी पैशाचं सांगते, कारण त्याशिवाय हे सगळं चित्रातच राहिलं असतं. डेन्मार्कमध्ये पाणी आणि मलनिस्सारणाचा खर्च नागरिकांच्या पाणीपट्टीतून निघतो, करातून नव्हे. पूर्वी तो पैसा फक्त नळांवर खर्च करता यायचा. ढगफुटीनंतर नियम बदलले आणि जमिनीवरच्या उपायांसाठीही पाणी कंपनीला पैसे घालता येऊ लागले. कोपनहेगनमध्ये ही कंपनी म्हणजे होफोर, तीही सार्वजनिक मालकीचीच. त्यामुळे चौकातला पाण्याचा भाग पाणीपट्टीतून होतो आणि बाकं, झाडं, खेळणी यांचा भाग महापालिका उचलते. एका नियमाने शहराच्या बागांचं रूप बदललं. स्कँडिनेव्हियन शैली वगैरे म्हणतात तिच्यामागे असा कंटाळवाणा कागद असतो, आणि मला तो कागद कुठल्याही रेंडरिंगपेक्षा, म्हणजे संगणकावरच्या चकचकीत चित्रापेक्षा, सुंदर वाटतो.

प्रश्न जरूर विचारा.


सुरंगी:

फारच छान लिहिलंय ओसरी. भिंत हळूहळू उंच होत जाते हे वाचताना डोळ्यांसमोर आलं.

तीन शंका. थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात ना? ते पाणी झाडांच्या मुळाशी गेलं तर झाडं मरणार नाहीत का? दुसरं, पाणी साचवायचं म्हणजे डास. तिसरं, बाग भरलेली असताना मूल आत गेलं तर?


ओसरी:

सुरंगी, तिन्ही प्रश्न मंजुरीच्या बैठकांत हमखास येतात.

मीठ ही खरंच सगळ्यात त्रासदायक गोष्ट. म्हणून टोसिंगे प्लॅसला छपराचं पाणी आणि रस्त्याचं पाणी सुरुवातीपासून वेगळं ठेवलंय. छपराचं स्वच्छ, ते मुलांच्या खेळात आणि जमिनीत. रस्त्याच्या पाण्यात मीठ, टायरचा चुरा, तेल असतं, ते वेगळ्या वाटेने जातं. काही ठिकाणी हिवाळ्यापुरतं रस्त्याचं पाणी थेट मलवाहिनीत सोडतात आणि मिठाचे महिने संपले की पुन्हा वाफ्यांकडे वळवतात. शिवाय झाडं निवडतानाच समुद्रकाठची, खारवट जमीन चालणारी निवडायची.

डास: वाफे एक-दोन दिवसांत कोरडे होतील अशाच बेताने माती घालतात. जास्त वाळू, कमी चिकणमाती. अळीला वाढायला तेवढा वेळ मिळत नाही.

मुलं: म्हणूनच एंगहावेपार्कनमध्ये पाणी थरांनी भरतं. आधी खोल कोर्ट, मग वाफे, मग सगळी बाग. उतार सौम्य आहेत. एकदम खड्डा कुठेच नाही.


जुना मुलुंडकर:

धागा आवडला, पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. मी त्या रात्री घरी पोचलो नव्हतो. १५० मिलिमीटरसाठी बांधलेल्या बागांची गोष्ट आम्ही ऐकून काय करायची? तिकडचं कौतुक तिकडे ठीक आहे. इकडे समुद्राला भरती असली की पाणी बाहेरच जात नाही.


जलरेघ:

मुलुंडकरकाका, मी जलविज्ञानातला आहे, तर थोडं गणित करतो.

एंगहावेपार्कनमध्ये २२,६०० घनमीटर मावतं. सगळा १५० मिलिमीटर पाऊस वाहून आला असं धरलं तर ते १५ हेक्टर पक्क्या जमिनीवरचं पाणी झालं. म्हणजे बागेच्या चौपट आकाराची वस्ती ती कोरडी ठेवू शकते. आता तिथे ९४४ मिलिमीटर टाका. बाग साधारण साडेतीन हेक्टरची आहे. तिच्या स्वतःच्या अंगावर पडलेलं पाणीच ३३,००० घनमीटर होईल, म्हणजे शेजाऱ्यांचं घ्यायच्या आधीच ती भरून वाहील. अर्थात ते चोवीस तासांत पडलं, दोन तासांत नाही, त्यामुळे मधल्या वेळात किती उपसता येतं यावर बरंच अवलंबून. पण मुद्दा तुमचा बरोबर आहे. पावसाळी शहरात अशी साठवण एकटी पुरत नाही.

मात्र मुंबईतसुद्धा वर्षातल्या बहुतेक तुंबण्याच्या घटना ९४४ च्या नसतात. तासाभरात पन्नास-साठ मिलिमीटर आणि त्याच वेळी भरती, यात सखल भाग बुडतो. अशा वेळी दोन-तीन तास पाणी धरून ठेवणारी जागा नेमकी उपयोगी. भरती उतरेपर्यंत थांबायचं असतं, कायमचं साठवायचं नसतं. मुंबईत काही ठिकाणी जमिनीखाली साठवण टाक्या बांधल्या गेल्या आहेत त्या याच हिशेबाने.


जुना मुलुंडकर:

जलरेघ, हे पटलं. आकडे दिल्याबद्दल आभार. पण टाकी जमिनीखाली आणि वर पुन्हा कुंपण घातलेलं मैदान. ओसरी म्हणतात ते कोरड्या दिवसाचं आपल्याकडे कोण बघतं?


ओसरी:

जलरेघ, तुम्ही माझं काम सोपं केलंत. मुलुंडकरकाका, मीही डोंबिवलीतच वाढले, त्यामुळे इकडचा चौक तिकडे उचलून ठेवा असं मी म्हणणार नाही. इथे दोन तासांचा पाऊस झेलायचा असतो, तिकडे चार महिन्यांचा. वाफ्यातली माती जुलैमध्ये कोरडी होणारच नाही, म्हणजे डासांचं माझं वरचं उत्तर तिथे लागू नाही. हे काम तिथल्या लोकांनी तिथल्या पावसावरच करायला हवं.


मालमोचा मी:

इतका वेळ नुसता वाचत होतो. समुद्रापलीकडे स्वीडनच्या माल्मोमध्ये हे काम कोपनहेगनच्या आधीच झालंय, ते इथे नोंदवतो.

आउगुस्टेनबोर्ग ही माल्मोतली दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातली भाड्याच्या घरांची वसाहत. तिथेही तीच रड होती. एकच वाहिनी, दर मोठ्या पावसात तळघरात घाण पाणी. १९९८ पासून वसाहतीच्या मालक कंपनीने आणि महापालिकेने मिळून पाणी नळातून काढून उघड्यावर आणलं. अंगणांतून सिमेंटचे अरुंद पाट काढले, मध्ये तळी, शाळेच्या आवारात पाणी उतरायला पायऱ्यांचं खुलं नाट्यगृह. छपरांवर माती आणि सेडम ही रसाळ पानांची बुटकी झाडं. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा काही विशेष वाटलं नाही. साध्या, जराशा जुनाट इमारती, मध्ये वाहतं पाणी, त्यात बदकं.

३१ ऑगस्ट २०१४ ला माल्मोवर तुफान पाऊस पडला, काही तासांत १०० मिलिमीटरच्या आसपास. शहरभर तळघरं बुडाली. आउगुस्टेनबोर्गमध्ये शेजारच्या वस्त्यांपेक्षा नुकसान कितीतरी कमी झालं. सोळा वर्षांपूर्वी खणलेल्या पाटांची तेव्हा परीक्षा झाली.

आणि एक. लोक माल्मोला येतात ते पश्चिम बंदराचा भाग बघायला. २००१ च्या गृहप्रदर्शनाची वसाहत, स्पॅनिश वास्तुकार कलात्रावाचा १९० मीटर उंच टर्निंग टोर्सो हा मनोरा. ती समुद्रकाठची महाग घरं आहेत. आउगुस्टेनबोर्गमध्ये आजही सामान्य भाडेकरू राहतात. माझ्या दृष्टीने खरी गोष्ट तिथली आहे.


सुरंगी:

मालमोचा मी, शाळेतलं पाण्याचं नाट्यगृह! याचे फोटो असतील तर टाका ना प्लीज.


काठपदर:

मी जरा विरुद्ध बाजूने लिहिते. स्कँडिनेव्हियन शाश्वततेचं जे चित्र जगभर विकलं जातं त्याकडे डोळे उघडे ठेवून बघायला हवं.

कोपनहिल घ्या. आमागेर बेटावरचा कचरा जाळून वीज आणि उष्णता करणारा कारखाना, वर घसरगुंडीसारखा उतार, त्यावर स्कीइंग. बिग या बियार्के इंगेल्सच्या कचेरीने केलेला, ८५ मीटर उंच. कारखाना २०१७ चा, उतार २०१९ ला खुला झाला. कल्पना भन्नाट आहे, नाकारत नाही. पण शहराला लागते त्यापेक्षा मोठी भट्टी बांधली आणि मग ती पेटती ठेवायला परदेशातून कचरा आणावा लागला. शहराने २०२५ पर्यंत कार्बनमुक्त व्हायचं जाहीर केलं होतं. २०२२ मध्ये ते ध्येय सोडून दिलं, कारण याच कारखान्याच्या धुरातला कार्बन पकडण्याचा प्रकल्प पैशाअभावी बारगळला. ही बातमी फोटोंबरोबर कुणी छापत नाही.

आणि सुपरकीलन. नॉरब्रो या स्थलांतरितांच्या भागातला २०१२ चा लांबलचक सार्वजनिक पट्टा. तो केला बिग, बर्लिनची लँडस्केप कचेरी टोपोटेक १ आणि सुपरफ्लेक्स या कलाकारांनी. पन्नासहून जास्त देशांतल्या वस्तू आणून मांडल्या: मोरोक्कोचं कारंजं, जपानी ऑक्टोपसची घसरगुंडी, थायलंडचं मुष्टियुद्धाचं रिंगण. २०१६ साली वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. शेजारीच म्योल्नरपार्कन ही भाड्याची वसाहत. २०१८ मध्ये डेन्मार्कने कायदा केला, त्यात रहिवाशांचं उत्पन्न, शिक्षण यांबरोबर बिगर-पाश्चात्त्य मूळ असलेल्यांचं प्रमाण हाही एखादी वस्ती सरकारच्या ‘घेटो’ म्हणजे समस्याग्रस्त वस्त्यांच्या यादीत घालायचा निकष होता. म्योल्नरपार्कनमधल्या इमारती विकायला काढल्या, भाडेकरूंना हलायला सांगितलं, ते कोर्टात गेले. त्यांच्या देशांतल्या वस्तू चौकात सन्मानाने मांडायच्या आणि माणसांना घर बदलायला लावायचं. सार्वजनिक जागेची चर्चा करताना ही जागा कुणासाठी हे विचारणार की नाही?


ओसरी:

काठपदर, विचारायलाच हवं, आणि तुम्ही ते विचारलंत हे बरं केलंत.

म्योल्नरपार्कनबद्दल मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. माझ्या पिढीतल्या इथल्या अनेक वास्तुकारांना त्या कायद्याची लाज वाटते. पण सुपरकीलनवर मी थोडी वेगळी बोलेन. शुक्रवारी संध्याकाळी तिथे गेलात तर झोपाळ्यांवर बुरखा घातलेल्या आया असतात, बुद्धिबळाच्या पटांवर म्हातारे असतात, स्केटबोर्डवर मुलं असतात. ती जागा त्यांनी खरोखर आपलीशी केलीय. चौकाने कायदा थांबवला नाही. चौक ते करू शकत नाही. पण तेवढ्याने तो चौक खोटा ठरत नाही. माझी तक्रार वेगळी आहे: एवढा मोठा पट्टा, आणि त्यातला लाल भाग जवळजवळ पूर्ण कडक पृष्ठभाग, पाण्यासाठी काहीच विचार नाही. त्याचं आरेखन ढगफुटीच्या आधीचं आहे म्हणून तसं झालं. २०११ नंतर हाच प्रकल्प आला असता तर तो फार वेगळा दिसला असता.

कोपनहिलचं जास्त क्षमतेचं म्हणणं बरोबर. मला त्यातला एकच भाग मनापासून आवडतो: छपरावरची लागवड, एसएलएचीच. वारा, उतार, खालून येणारी उष्णता, आणि तिथे गवत नि झाडं रुजवली.

कार्बनबाबत आणखी एक. १ जानेवारी २०२३ पासून डेन्मार्कमध्ये १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या नव्या इमारतींना कार्बनची कायदेशीर मर्यादा लागू झाली: दर चौरस मीटरला दर वर्षी १२ किलो, ५० वर्षांच्या आयुष्यावर काढलेली. नंतर ती आणखी कडक झाली. सुरुवातीची मर्यादा सैल होती असं अनेकांचं म्हणणं, माझंही. तरी आता प्रत्येक वास्तुकाराला सिमेंटचा हिशेब मांडावा लागतो, तो आधी कुणी मांडत नव्हतं. चौक आणि रस्ते मात्र या मर्यादेत येत नाहीत. ग्रॅनाइट दूरदेशाहून जहाजाने येतो आणि त्याचा हिशेब कुणी मागत नाही. हे मला खटकतं.


शमा ओस्लोहून:

ग्रॅनाइटवरून आठवलं. ओस्लोचं ऑपेरा हाऊस, स्नोहेट्टा या वास्तुकलेच्या कचेरीचं, २००८. छपरावर इटलीतला कारारा संगमरवर. नॉर्वेसारख्या दगडांच्या देशात इटलीहून दगड आणला म्हणून तेव्हा पुष्कळ वाद झाला होता. पण त्या छपराने ओस्लोला जे दिलं ते मोजता येत नाही. पाण्यातून उतार वर चढत जातो आणि कुणीही, तिकीट नाही, पहारेकरी नाही, चालत थेट माथ्यावर. सार्वजनिक पैशाने बांधलेली अभिजन कलेची इमारत, आणि तिचा सगळ्यात मोठा भाग सगळ्यांचा.

त्याहून मोठी गोष्ट ऑपेरासमोर आता दिसतच नाही. तिथून मोठा महामार्ग जायचा, शहर आणि फ्योर्ड, म्हणजे जमिनीत शिरलेली समुद्राची खाडी, यांच्या मधून. २०१० मध्ये तो पाण्याखालच्या बोगद्यात गेला. त्यामुळेच ब्योरविका भाग चालण्याजोगा झाला, २०२० मध्ये तिथे नवं मुख्य ग्रंथालय आलं. शहराच्या मध्यभागातल्या रस्त्यांवरची सातशेच्या आसपास पार्किंगं काढली, त्या जागी बाकं, सायकली, झाडं. दुकानदार खूप चिडले होते. २०१९ मध्ये ओस्लोत एकही पादचारी किंवा सायकलस्वार रस्त्यावर मेला नाही. वेगमर्यादा कमी केल्या, शाळांभोवती गाड्या बंद केल्या, हे सगळं त्यामागे आहे.


जलरेघ:

शमा, मस्त. या सगळ्याची मुळं कोपनहेगनच्या स्ट्रॉयेतमध्ये. १७ नोव्हेंबर १९६२ ला तो रस्ता गाड्यांना बंद केला. तेव्हाही दुकानदार म्हणत होते की आम्ही इटालियन नाही, आमच्याकडे थंडीत कोण बाहेर बसणार. त्यानंतर यान गेल या वास्तुकारांनी माणसं मोजायला सुरुवात केली: किती चालतात, किती थांबतात, कुठे बसतात. गाड्यांची गणती सगळी शहरं करत होती, माणसांची कुणी करत नव्हतं.


पानगळ:

झाडांवर कुणी तरी लिहावं म्हणून मीच लिहितो. स्टॉकहोममध्ये वृक्षसंगोपनाचं काम करतो.

शहरातलं झाड बहुधा पाण्याअभावी मरत नाही, हवेअभावी मरतं. फुटपाथखालची माती रोलरने इतकी दाबलेली असते की मुळांना श्वास घेता येत नाही. मग मुळं वर येतात, लाद्या उचलतात, आणि लोक झाड तोडायला सांगतात. स्टॉकहोमने दोन-अडीच दशकांपूर्वीपासून वेगळी पद्धत धरली. मोठी खडी, मुठीएवढी किंवा त्याहून मोठी, थरांनी भरायची. वजन खडीवर येतं, वरून ट्रक गेला तरी चालतं. खडीच्या मधल्या फटींत माती पाण्याने धुवून उतरवायची. वरच्या थरात हवा खेळती ठेवायला मोकळी खडी आणि फुटपाथवर जाळीचं झाकण, त्यातून हवा आणि छपरावरचं पाणी दोन्ही खाली जातं. नंतर मातीऐवजी बायोचार, म्हणजे झाडपाल्याचा कोळसा वापरू लागले. तो पाणी आणि खत धरून ठेवतो आणि कार्बन जमिनीत अडकून राहतो. नागरिकांच्या बागेतल्या काटक्या-पाल्याचा कोळसा करून तोच शहराच्या झाडांना घालायचा, या योजनेला २०१४ मध्ये ब्लूमबर्ग फिलँथ्रोपीजचं बक्षीस मिळालं. कोळशाची भट्टी २०१७ मध्ये सुरू झाली, तिची उष्णता घरं गरम करायला वापरायची अशी योजना.

अशा खड्ड्यातली झाडं बघायला या कधी. मरायला टेकलेली जुनी झाडंही खालची माती बदलल्यावर पुन्हा पानं धरताना मी पाहिली आहेत. ओसरी, सांक्त केल्सच्या जंगलात खाली काय घातलंय?


ओसरी:

पानगळ, तुमचा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा. खडीच्या थरांचा छेद काढून टाकाल का?

सांक्त केल्सला मोकळी माती आहे, कारण डांबर उचलून खूप मोठे सलग वाफे करता आले. तिथे झाडं गर्दीने लावलीत, जंगलात असतात तशी, आळ्यात एकेक नव्हे. मुळं एकमेकांत जातात, ओल वाटून घेतात. वरून ट्रक जायचा असेल तिथे मात्र तुमचीच पद्धत लागते.


काठपदर:

ओसरी, उत्तर पोचलं. मतभेद राहतील, पण ग्रॅनाइटचा मुद्दा तुम्हीच मांडलात हे आवडलं. एक शेवटचं विचारते. हे वाफे, हे जंगल, ही झडप-दारं यांची देखभाल कोण करतं? आपल्याकडे उद्घाटनानंतर दोन वर्षांत सगळं वाळतं.


ओसरी:

इथेही हा दुखरा भाग आहे. पाणी कंपनी आपल्या झडपा, टाक्या, दारं सांभाळते, कारण ती तिच्या मालमत्तेत मोडतात आणि त्यांची ठरावीक तपासणी असते. वरची झाडं-वाफे महापालिकेच्या बागकाम विभागाचे. रेषा कागदावर स्पष्ट, जमिनीवर नाही. वाफ्यात पाणी शिरायच्या तोंडाशी पानं, सिगारेटची थोटकं, वाळू अडकते. ते तोंड बंद झालं की सगळा चौक निरुपयोगी. ते कुणी साफ करायचं यावर मी बैठकांत बसले आहे. पाण्याचा मार्ग म्हणून पाणी कंपनी, की वाफ्याची कड म्हणून बागवान?

आता आम्ही आरेखनाच्या वेळीच बागकाम विभागाचा माणूस टेबलावर घेतो. तो सांगतो ही कड इतकी अरुंद नको, माझा फावडा आत जात नाही. तोंड फावड्याच्या रुंदीचं करतो. झाडं अशी घेतो की पहिल्या तीन वर्षांत जमीन झाकली जाईल आणि खुरपणी कमी होईल. ठेकेदाराला नुसती लावणी देत नाही, पहिली काही वर्षं जगवणीही त्याच्याच करारात.


सुरंगी:

मे महिन्यात मुलांना घेऊन कोपनहेगनला येतेय. दोन दिवस आहेत. यातलं काय बघू?


ओसरी:

सुरंगी, पहिला दिवस ऑस्टरब्रो. मेट्रो किंवा बसने सांक्त केल्स प्लॅसला या, तिथून चालत टोसिंगे प्लॅस. मुलांना पंपाशी सोडा, बदलायचे कपडे बरोबर ठेवा. संध्याकाळी इस्लँड्स ब्रुगेला बंदरातली पोहण्याची जागा. एकेकाळी त्या पाण्यात कुणी पाय घालत नव्हतं, आता शहर तिथे पोहतं. मे मध्ये पाणी गारठलेलं असेल, काठावर बसूनही छान वाटतं.

दुसरा दिवस एंगहावेपार्कन. सकाळी जा, कोर्टात शाळेची मुलं असतात. सखल कोपऱ्यातून शिरा आणि भिंतीला धरून वरच्या बाजूला चालत जा, म्हणजे ती कुठे संपते ते कळेल. पाऊस आलाच तर छत्री घेऊन थांबा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी येते सोबत.